आदाण्णाचा चेंडू कुठं गेला

उद्यमनगरात ज्याची फाउंड्री आहे, त्या माणसानं संध्याकाळी काय करावं हे आमच्या कोल्हापुरात ठरलेलं आहे. रंकाळ्यावर एक चक्कर मारावी, कट्ट्यावर बसून आमदार-खासदारांची उणीदुणी काढावीत आणि घरी जावं. आदगोंडा चौगुले, म्हणजे आमचा आदाण्णा, हे सगळं सोडून पन्नाशी उलटल्यावर गोल्फ खेळायला लागला. मी त्याला तोंडावर विचारलं, "आदाण्णा, तुला खूळ लागलंय काय?"

"लागलंय की," तो म्हणाला. "लई भारी खूळ हाय. तू बी चल."

मी वकील. उभा जन्म कोल्हापूरच्या कोर्टात बांधाच्या आणि भिंतीच्या भांडणांत गेला. आदाण्णा आणि मी शाळेत एका बाकावर होतो आणि पुढं घरंही शेजारी शेजारी बांधली. तो मला कधी नावानं हाक मारत नाही, 'वकील' म्हणतो. खेळाचा आणि माझा संबंध पेपरातल्या शेवटच्या पानापुरता. पण या गृहस्थानं मला त्या गवतावर इतकं चालवलंय, की डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम मला वेगळा करावा लागला नाही.

खूळ लागलं ते असं. पुण्याचा एक पंपवाला मोठी ऑर्डर देणार होता. तो याला बोलणी करायला म्हणून गोल्फच्या मैदानावर घेऊन गेला आणि गंमत म्हणून हातात काठी देऊन म्हणाला, हाणा एक. आदाण्णानं कुदळ हाणावी तशी हाणली. "वकील, चेंडू सुटला तो दिसंनाच. आन् हाताला काय लागलंच न्हाय बघ! लोण्यातनं सुरी गेल्यागत." जेवताना पंपवाला दराचं बोलत होता आणि हा त्याला काठी कुठं धरायची ते विचारत होता. ऑर्डर दुसऱ्याला गेली. आदाण्णा मात्र मुलीचं लग्न ठरल्यासारखा खुशीत घरी आला. सुमनवहिनींनी विचारलं, "काय मिळालं पुण्यात?" तर याचं उत्तर, "काय मिळालं ते सांगता यायचं न्हाय." वहिनींचं आणि गोल्फचं वैर त्या दिवसापासूनचं.

आमचं मैदान गावाबाहेर, माळावर. नऊ होलचं, म्हणजे नऊ टप्पे आणि प्रत्येकाच्या शेवटी एक भोक आणि झेंडा. खेळणारे म्हणजे डॉक्टर, कारखानदार आणि लष्करातून निवृत्त झालेले चार-दोन साहेब. त्यात हा जाड काचेच्या चष्म्याचा, खाड-खाड बोलणारा माणूस घुसला. छोटा फटका मारायची जी काठी असते, पटर म्हणतात तिला, ती त्यानं स्वतःच्या फाउंड्रीत पितळेची ओतून घेतली. क्लबचे सेक्रेटरी मेजरसाहेब. त्यांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, "चौगुले, ही काठी आहे का मोटरचा पार्ट?" आदाण्णा म्हणाला, "साहेब, वजन हाय म्हणून तर चेंडू ऐकतोय तिचं."

खेळताना तो चेंडूच्या आधी गवत बघायचा. जैन घरातला माणूस, तेही नावापुरता नव्हे. दिवस मावळायच्या आत जेवण म्हणजे जेवण, मग समोर कलेक्टर बसलेला असो. चेंडू मुंग्यांच्या वारुळाशी पडला असला तर हा तिथं काठी चालवायचाच नाही. चेंडू उचलायचा, एक फटका स्वतःच्या नावावर दंड लावून घ्यायचा आणि बाजूला ठेवून मारायचा. एकदा बरोबरचा कारखानदार वैतागून म्हणाला, "अहो, मुंग्यांसाठी कुणी दंड भरतं का?" आदाण्णा म्हणाला, "त्यांचं घर हाय ते. माझा चेंडू पावणा. पावण्यानं घर पाडायचं असतंय व्हय?" कारखानदार गप्प झाला नाही, उलट वर्षभर ही गोष्ट सगळ्यांना हसून सांगत फिरला. पण त्यानंतर तोही खाली बघून काठी उचलायला लागला, हे मी पाहिलंय.

क्लबची वर्षातून एकदा ढालीची स्पर्धा असते. एका वर्षी आदाण्णा अंतिम सामन्यात पोचला. समोर हृदयाचे एक मोठे डॉक्टर. ही बातमी मुरगूडला त्याच्या भावकीत कशी गेली देव जाणे. सामन्याच्या दिवशी दोन जीपगाड्या भरून भाऊबंद आले, फाउंड्रीतली सगळी माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर हार, गुलालाच्या पुड्या आणि हलगी. मेजरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी हलगी फाटकावर ठेवून घेतली. गुलाल कुणाकडं आहे हे त्यांना कळलं नाही.

शेवटच्या होलपर्यंत दोघं बरोबरीत. डॉक्टरांनी छोटा फटका मारायचा, चेंडू होलात घालायचा की ढाल त्यांची. अशा वेळी गोल्फमध्ये श्वाससुद्धा हळू घ्यायचा असतो. डॉक्टर वाकले. सगळीकडं शांत. आणि भावकीतल्या एका काकांचा आवाज आला, "का थांबलाय वो पावणं? घाला की!"

डॉक्टर दचकले आणि चेंडू होलाला वळसा घालून पुढं गेला. आदाण्णा हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पुन्हा मारा. आमचं माणूस ओरडलं, चूक आमची." मेजरसाहेब म्हणाले, "पुन्हा मारायचा नियम नाही." "मग सोडून द्यायचा नियम हाय न्हवं?" आदाण्णानं विचारलं. तो नियम होता. आदाण्णानं तिथल्या तिथं होल डॉक्टरांना सोडला, म्हणजे ढालच देऊन टाकली, हसत हसत पुढं झाला आणि त्यांचा हात हातात घेऊन हलवला.

झालं! आमच्याकडं जो हसतो आणि ज्याचा हात हलवला जातो तो जिंकलेला. भावकीनं एकच आरोळी ठोकली. "नादच करायचा न्हाय!" म्हणत गुलाल उधळला, हार घातला, हरलेल्या आदाण्णाला खांद्यावर घेतलं आणि मैदानाला चक्कर मारली. ज्यांनी ढाल जिंकली ते डॉक्टर पांढऱ्या टोपीवरचा गुलाल झटकत एका बाजूला उभे. मी खालून ओरडत होतो, "अरे, हरलाय तो, हरलाय!" वरून आदाण्णा मला म्हणतो, "वकील, गप बस की! लांबनं आल्यात ती माणसं." ते लुसलुशीत गवत लालभडक झालं. पुढं आठवडाभर आदाण्णा रोज सकाळी झारी घेऊन जायचा आणि ते गवत धुवायचा. मेजरसाहेब आधी रागानं बघत होते, मग एके दिवशी तेही दुसरी झारी घेऊन आले.

ढालीचं त्याला कधीच फार वाटलं नाही. त्याला पाहिजे होतं वेगळंच. क्लबच्या व्हरांड्यात एक लाकडी फळा आहे. ज्यानं लांबून मारलेला पहिलाच चेंडू थेट होलात घातला, त्याचं नाव त्यावर सोनेरी रंगानं लिहितात. होल-इन-वन म्हणतात त्याला. चांगल्या चांगल्या खेळाडूंचा जन्म जातो, पण तो पडत नाही. आदाण्णा चहा घेताना त्या फळ्याकडं तोंड करून बसायचा. "वकील, एकदा. फकस्त एकदा. त्यो आत जाताना ह्या डोळ्यांनी बघायचाय."

बघण्याचीही त्याला तेवढीच हौस. जुलैत विलायतेतली मोठी स्पर्धा टीव्हीवर दाखवतात, ती आपल्याकडं दुपारपासून दिसते. ते चार दिवस फाउंड्री मुलाच्या ताब्यात. आदाण्णा सोलापुरी चादर अंथरून टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायचा. एरवी दोन गल्ल्या ऐकू जाईल एवढा आवाज, पण त्या चार दिवसांत घरात कुजबुज. कुणी तिकडं चेंडूवर वाकला की हा इकडं तोंडावर बोट ठेवायचा. एकदा मी खोकलो तर मला बाहेर काढलं. स्वयंपाकघरात कुकर चढला होता, तर हा वहिनींकडं जाऊन गयावया करतोय, "सुमन, एवढा एक फटका होऊ दे, मग शिट्टी घे."

"त्यो तिकडं लंडनला," वहिनी म्हणाल्या, "त्याला माझी शिट्टी ऐकू जाती व्हय?"

आणि शिट्टी झाली. तिकडं त्या गोऱ्याचा फटका हुकला. आदाण्णानं वहिनींकडं असं बघितलं, की मी चप्पल घालून घरी आलो.

मग डोळ्यांचं सुरू झालं. आधी त्याला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध खराब होत चाललाय. समोर बघावं तिथंच धूसर डाग, कडेचं मात्र दिसणार. इंजेक्शनं घेऊ, आहे ते राखू, गेलेलं परत येणार नाही. येताना गाडीत, खरं सांगतो, मला रडू येत होतं. आदाण्णाच मला म्हणाला, "मधलं गेलं तर गेलं. कडंचं हाय की, लेका." थोड्या वेळानं मात्र खिडकीबाहेर तोंड करून म्हणाला, "तेवढा एक आत जाताना बघायचा ऱ्हायला बघ."

खेळ त्यानं सोडला नाही. पायाशी असलेला चेंडू मान जराशी वाकडी करून कडेनं दिसायचा. पण तो उडाला की संपलं. मग दर रविवारी मी त्याच्याबरोबर जायला लागलो. तो मारायचा आणि पहिला प्रश्न, "कुठं गेला, वकील?" मी कोर्टातल्यासारखं उत्तर द्यायचो, "झाडाच्या पूर्वेस, बांधालगत." तो चिडायचा. "चतुःसीमा सांगू नगोस! कसा गेला ते सांग." आता चेंडू कसा गेला ते मी कसं सांगणार? गेला तो गेला. माझं शिक्षण तिथं कमी पडायचं.

एका रविवारी मला आजऱ्याला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. त्या दिवशी टीव्हीवर क्रिकेटचा मोठा सामना, त्यामुळं क्लबवर चिटपाखरू नाही. आदाण्णाला एकट्याला सोडायला वहिनी तयार नव्हत्या आणि तो घरी बसायला तयार नव्हता. शेवटी वहिनीच डबा घेऊन निघाल्या. इतक्या वर्षांत त्या मैदानावर पहिल्यांदा. "मी नुस्ती बसणार," त्यांनी आधीच बजावलं होतं. "आन् दिवस मावळायच्या आत जेवायचं. तुमच्या चेंडवासाठी मी उपाशी ऱ्हाणार न्हाय."

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलंय, पण जबान्या जुळतात. सातवा होल आमच्याकडं सगळ्यात छोटा. उंचावरून मारायचं, मध्ये नाला, पलीकडं खाली झेंडा. आदाण्णानं विचारलं, "झेंडा कुठं हाय, सुमन?" त्यांनी बोट दाखवलं. ते बोट त्याला दिसेना, म्हणून त्यांनी उठून त्याचे खांदे धरून त्याला तिकडं वळवलं. त्यानं मारला.

"कुठं गेला?"

"आत पडला."

"कशात? नाल्यात?"

"न्हाय वो. त्या भोकात. आणि कशात? त्यासाठीच मारताय न्हवं तुमी?"

आदाण्णाला वाटलं बायको चेष्टा करतीय. इतक्या वर्षांच्या वैराचा हिशेब आज पुरा करतीय. नाला ओलांडून जाईपर्यंत तो "खरं काय? सुमन, खरं काय?" एवढंच म्हणत होता. झेंड्यापाशी गुडघे टेकले, होलात हात घातला आणि हाताला चेंडू लागला. तो तिथंच गवतावर बसला. चेंडू गालाला लावला, म्हणे. वहिनी म्हणाल्या, "उठा आता. ऊन उतरलं. जेवायचंय."

संध्याकाळी मी आजऱ्याहून आलो तर आदाण्णा माझ्या दारातच. "वकील, पडला! आन् तू न्हवतास! आता फळ्यावर नाव लागायचं न्हाय." नियमच तसा होता. पाहणारं कुणीतरी पाहिजे, आणि ते खेळाची माहिती असलेलं पाहिजे. मी म्हणालो, "का लागत नाही? माझा जन्म काय गवत मोजण्यात गेलाय?"

पुढच्या शनिवारी सकाळी व्हरांड्यात बैठक बसली. मेजरसाहेब, हृदयाचे डॉक्टर, आणखी दोघं. कोपऱ्यात आदाण्णा, शेजारी वहिनी, इस्त्रीची साडी नेसून, कपाळाला आठ्या घालून. मेजरसाहेब अदबीनं म्हणाले, "वकीलसाहेब, चौगुल्यांवर कुणाचा अविश्वास नाही. पण त्यांना स्वतःला दिसलेलं नाही, आणि साक्षीदार घरच्या. शिवाय वहिनींना खेळ ठाऊक नाही."

मी उभा राहिलो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, त्यामुळं जरा जोरातच बोललो. "मेजरसाहेब, ही बाई गेली कित्येक वर्षं या खेळाच्या विरोधात आहे. या खेळापायी हाताशी आलेली ऑर्डर गेली, चार दिवस घरात मोठ्यानं बोलता येत नाही. हा विरुद्ध पक्षाचा साक्षीदार आहे! विरुद्ध पक्षाचा साक्षीदार आपल्या बाजूनं बोलला, तर त्याहून भक्कम पुरावा मला तरी माहीत नाही." डॉक्टर हसले. मी वहिनींकडं वळलो. "वहिनी, चेंडू कसा गेला तेवढं सांगा."

वहिनींनी पदर सारखा केला. "कसा म्हंजे? ह्यांनी हाणला, त्यो वर गेला. लई वर. मला वाटलं गेला आता घारीबरूबर. मग खाली आला आन् त्या डाव्या अंगाच्या उंचवट्यावर पडला, झेंड्यापासनं लांब. मी म्हणलं, गेलं, आता ह्यो माणूस जेवताना तोंड पाडून बसणार. तर त्यो उडाला एकदा, आन् वळला वो! उताराला लागला. तव्यावरनं भाकरी सरकवावी तसा सरकत सरकत झेंड्याकडं यायला लागला. घाई न्हाय, काय न्हाय. आला, आला, आन् भोकाच्या काठावर येऊन थांबला."

"थांबला?" मेजरसाहेब खुर्चीतून पुढं सरकले.

"थांबला की! ठार थांबला. मी म्हणलं, अरे मुडद्या, एवढ्या लांबनं आलास तर जा की आत! ह्यो माणूस किती वर्सं तुझी वाट बघतोय!" वहिनींचा आवाज एकदम चिरकला. त्या थांबल्या. मग हळू म्हणाल्या, "आन् गेला."

सातव्या होलचा डावा उंचवटा आणि तिथून येणारा उतार तिथल्या प्रत्येकाच्या पायाखालचा होता. मेजरसाहेबांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "लिहा नाव."

मी आदाण्णाकडं बघितलं. त्यानं ते ऐकलंच नव्हतं. तो वहिनींकडं तोंड करून बसला होता, मान कलती, म्हणजे ज्या कडेनं त्याला दिसतं त्या कडेनं त्यांना बघत. गालावरून पाणी चाललेलं आणि तोंडभर हसू. आठवडा झाला, पण चेंडू वळला, सरकला, काठावर थांबला, हे तो आत्ता पहिल्यांदा ऐकत होता. "सुमन," तो म्हणाला, "हे मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं? नुस्तं खरं काय, खरं काय करत ऱ्हायला."

"काठावर किती येळ थांबला?"

"मी श्वास घेतला आन् सोडला, तवर."

"पुन्हा सांग की. पयल्यापासनं."

आणि त्या बाईनं, चार परक्या पुरुषांसमोर, पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या खेपेला घार जरा जास्त वर होती, पण कुणी हरकत घेतली नाही. मला मात्र त्यानंतर रविवारचं बोलावणं आलं नाही. मैदानावरची चांगली चाललेली वकिली हातची गेली, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

गेल्या वर्षी मुलानं मला पुण्याला नेलं. निघायच्या आदल्या दिवशी आदाण्णाचा निरोप घ्यायला गेलो तर घराला कुलूप. म्हटलं, कुठं असणार? मैदानावर गेलो. तारेच्या कुंपणापाशी पोचलो तेव्हा दोघं उंचावर उभे होते. वहिनींच्या साडीखाली पांढरे बूट, डोक्यावर बहुतेक मेजरसाहेबांनी दिलेली टोपी. त्यांनी आदाण्णाचे खांदे धरून त्याला सरळ केलं, "हं, असंच ऱ्हावा, नाकासमोर हाय झेंडा," म्हणाल्या आणि मागं सरकल्या. त्यानं मारला. वहिनींनी अख्ख्या माळाला ऐकू जाईल असा आवाज लावला. पलीकडं कुणीतरी चेंडूवर वाकला होता, तो बिचारा कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"गेला! सरळ हाय, सरळ हाय! आता वर चाललाय... अजून वरच... आगं बाई, खाली यायचं नावच घेईना की वो!"

मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. आदाण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून, आभाळाकडं तोंड करून, डोळे मिटून उभा होता.

"ऱ्हाऊ दे वरच," तो म्हणाला. "तू सांगत ऱ्हा."